परमुलखात लढलेला शिपाई आणि त्याचा देश



गावातला मुलगा सैन्यात गेला की आपण अभिमानाने सांगतो, "देशासाठी गेलाय." पण ज्या काळी देशच आपल्या ताब्यात नव्हता, त्या काळी दूर परमुलखात लढणाऱ्या शिपायाने देश मनात कसा जपला असेल? मुंबईच्या उपनगरांत आणि शहरात १९४६ साली जे घडलं, त्यात याचं उत्तर सापडतं. आज आपण तीच हकिगत ऐकू.

मालाडच्या पश्चिमेला समुद्रकाठी मार्वे आहे आणि अंधेरीजवळ वर्सोवा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने या दोन्ही ठिकाणी आरमाराचे तळ चालवले. मार्व्याच्या तळाचं नाव 'हमला', तर वर्सोव्याच्या तळाचं 'मच्छलीमार'. हमलाची माणसं किनाऱ्यावर फौज उतरवणाऱ्या बोटींवर काम करत. अशाच बोटी घेऊन आपले नौसैनिक ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर गेले होते. मच्छलीमारमध्ये पाणबुडीचा माग कसा काढायचा ते शिकवलं जाई.

युद्धाआधी या आरमारात जेमतेम दोन हजार माणसं होती. युद्ध संपेपर्यंत ती पंचवीस हजारांवर गेली. कोकणातले दर्यावर्दी त्यात आधीपासून होतेच, आता देशभरातून शिकलेली तरुण पोरंही आली. कोणी पोटासाठी आलं, कोणी जग बघायला. सरकारने त्यांना सांगितलं होतं, ही लढाई जगाच्या स्वातंत्र्यासाठी आहे.

ही पोरं समुद्रापार गेली. गोऱ्या खलाशाच्या बरोबरीने त्यांनी काम केलं, मरणही तसंच समोर पाहिलं. पण पगार गोऱ्याला जास्त आणि जेवणही त्यालाच चांगलं. आपल्या पोरांच्या ताटात खडे असलेला भात आणि पातळ डाळ, वर अधिकाऱ्याची शिवी. मलायातून परतलेल्या काही जणांनी आझाद हिंद सेनेच्या गोष्टी आणल्या. त्याच सेनेच्या अधिकाऱ्यांवर दिल्लीच्या लाल किल्ल्यात खटले सुरू होते. मग प्रश्न पडणारच, की दुसऱ्यांचं स्वातंत्र्य राखायला आम्ही गेलो, मग आमचं कुठे आहे?

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'तलवार' या तळावर नौसैनिकांनी जेवण नाकारलं आणि संप पुकारला. बघता बघता तो बंदरातल्या जहाजांवर पसरला. मार्व्याचं हमला आणि वर्सोव्याचं मच्छलीमारही त्यात सामील झालं. अंधेरीच्या छावणीत हवाई दलाच्या भारतीय जवानांनीही पाठिंब्यासाठी काम थांबवलं. जहाजांवरून इंग्रजांचा झेंडा उतरला. काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट यांचे झेंडे एकत्र चढले. हिंदू, मुसलमान, शीख एका ताटात जेवणारी ही पोरं होती, त्यांना झेंडेही एकत्रच हवे होते.

आता त्यांच्या मागण्या बघा. चांगलं जेवण, गोऱ्यांइतका पगार, शिवीगाळ करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई, या मागण्या होत्याच. त्याबरोबर आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, ही मागणी होती. आणि आणखी एक, भारतीय फौजा इंडोनेशियातून परत आणा.

इंडोनेशियाचं यात काय काम? जपान हरल्यावर तिथल्या लोकांनी स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. डच सत्ता परत येऊ पाहत होती, आणि इंग्रजांनी तिथे भारतीय फौज पाठवली होती. १९४५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुराबाया शहरात मोठी लढाई झाली. त्यात मराठा पलटणींचे जवानही होते. आपल्याच गावची माणसं, दुसऱ्या गुलाम देशाच्या स्वातंत्र्यावर बंदूक रोखायला पाठवलेली! नौसैनिकांनी म्हटलं, हे नको. ज्याला आपल्या देशाचा मान कळतो, तो दुसऱ्याच्या देशाचाही मान राखतो. देशप्रेम म्हणजे केवळ हुकूम पाळणं नव्हे, हे त्यांना कळलं होतं.

लोकांनी या पोरांना एकटं सोडलं नाही. गेट वे ऑफ इंडियाजवळ माणसं त्यांच्यासाठी फळं आणि खाणं घेऊन आली. २२ फेब्रुवारीला कामगारांनी हरताळ केला, सरकारने गोळीबार केला. मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली. परळला महिला संघाच्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. मैत्रिणींनो, या बायका गणवेशात नव्हत्या. नौसैनिकांशी त्यांचं रक्ताचं नातं नव्हतं. तरीही त्या घराबाहेर पडल्या.

सरदार पटेलांच्या सांगण्यावरून २३ फेब्रुवारीला संप मागे घेतला गेला. शिक्षा होणार नाही, असा भरवसा होता. पण चारशेहून अधिक जणांना काढून टाकलं. दीड वर्षाने देश स्वतंत्र झाला, तरी त्यांना आरमारात परत घेतलं नाही. नोकरी गेलेल्या पोराच्या घरी चूल कशी पेटली असेल, आई काय म्हणाली असेल, हे इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. ते आपण बायकाच ओळखू शकतो.

मार्व्याचा तळ आजही आहे, त्याचं नाव 'आयएनएस हमला'. तिथे आता तिरंगा फडकतो. त्या तिरंग्यामागे पदक मिळालेल्यांचं जसं शौर्य आहे, तसं पदकाऐवजी बडतर्फीचा कागद हाती आलेल्यांचंही आहे.

येत्या बैठकीत गटातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, आपल्या गावातून कोण समुद्रापार लढायला गेलं होतं? कोण परत आलं, आणि त्याच्यामागे घर कोणी सांभाळलं? नावं वहीत लिहून ठेवा. त्या शिपायाचं नाव लिहाल, तेव्हा शेजारी त्याच्या बायकोचं आणि आईचंही लिहा.