इंग्रजी स्पेलिंग

इंग्रजी शब्द लिहिण्याची रूढ पद्धत. उच्चारावरून स्पेलिंग किंवा स्पेलिंगवरून उच्चार, यांपैकी काहीच खात्रीने सांगता येत नाही, अशी तिची ख्याती आहे. यातला बराचसा गोंधळ काळाने घातलेला आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि छपाईमुळे शब्दांची रूपे हळूहळू स्थिरावू लागली. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर मात्र बदलत होते. ‘टाइम’ पूर्वी ‘टीम’च्या जवळ होता, ‘नेम’ ‘नाम’च्या. रोमन लिपीच्या पहिल्या अक्षराला बहुतेक युरोप ‘आ’ म्हणतो आणि इंग्रज ‘ए’, तेही यामुळेच. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मधले के आणि जीएच एके काळी स्पष्ट उच्चारले जात.

मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या छळणारी ‘पुट–बट’ ही जोडी वेगळ्या बदलातून आली. दोन्हींत मुळात ‘उ’च होता. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये तो ‘बट’, ‘कट’मध्ये बदलला, ‘पुट’, ‘पुल’, ‘फुल’मध्ये आधीच्या ओष्ठ्य व्यंजनामुळे टिकला. ‘बट’मध्येही व्यंजन ओष्ठ्यच आहे, पण तिथे टिकला नाही! उत्तर इंग्लंडच्या बोलींत हा बदल झालाच नाही.

काही अक्षरे विद्वानांनी घुसवली. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ फ्रेंचमधून आला तो ‘बी’शिवाय, लॅटिन मूळ दिसावे म्हणून तो नंतर जोडला. ‘आयलंड’चा लॅटिनशी संबंधच नाही, तरी त्यात ‘एस’ आला.

फ्रेंचमध्येही मूक अक्षरे भरपूर आहेत. पण लिहिलेले वाचण्याचे नियम बरेच पक्के आहेत. तुर्कीने १९२८ मध्ये नवी लिपी घेताना लेखन उच्चाराशी जुळवून टाकले. मराठीही अगदी सोवळी नाही : दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि पाण्याचा ‘जग’ लिहिताना सारखेच.

स्पेलिंगच्या सुधारणेत पहिली अडचण ही की कोणाचा उच्चार प्रमाण मानायचा? लंडनचा ‘बट’ लीड्सला चालत नाही. शिवाय फ्रेंच किंवा स्पॅनिशसारखी अधिकृत अकादमी इंग्रजीला नाही. नाटककार बर्नार्ड शॉच्या मृत्युपत्रानुसार नवी वर्णमाला तयार झाली, १९६२ मध्ये तिच्यात त्याचे एक नाटकही छापले गेले. वापर वाढला नाही. अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टरने ‘कलर’मधला ‘यू’ गाळला, तो बदल अमेरिकेने स्वीकारला. ‘टंग’साठी त्याने सुचवलेले टीयूएनजी मात्र अमेरिकनांनाही रुचले नाही.