ला त्वील
ला त्वील : वायव्य इटलीतील आओस्ता खोऱ्याच्या स्वायत्त प्रदेशातील एक छोटी, फ्रेंच भाषेची परंपरा असलेली पहाडी नगरपालिका. लोकसंख्या सु. ८००. फ्रान्सकडे जाणाऱ्या लिटल सेंट बर्नार्ड खिंडीच्या (२,१८८ मी.) पायथ्याशी ती सु. १,४४१ मी. उंचीवर वसली आहे. या खिंडीतून रोमन मार्ग जात असे व त्यावरील आरिओलिका हे ठाणे येथेच असावे, असे सामान्यतः मानतात. ते नाव मात्र टिकले नाही. प्रचलित नावाचा संबंध लॅटिन ‘तेगुला’ (कौल) या शब्दाशी जोडला जातो. त्यापासूनच झालेल्या फ्रेंच शब्दाचा उच्चारही ‘त्वील’ असाच आहे.

सव्हॉयचा ड्यूक एमान्युएल फिलिबर्ट याने १५६१ मध्ये खोऱ्यातील सरकारी लेखनासाठी फ्रेंच भाषा विहित केली. त्यामुळे घरी फ्रँको-प्रोव्हांसाल बोली बोलणाऱ्यांच्या गावांची नावेही दप्तरात फ्रेंच वळणाने रूढ झाली.

फॅसिस्ट राजवटीने १९३९ मध्ये या नावांचे इटालियनीकरण केले. शेजारच्या कूरमायरचे ‘कोर्मायोरे’ झाले. तेथे निदान ध्वनिसाम्य तरी राखले गेले. ला त्वीलवर मात्र ‘पोर्ता लित्तोरिआ’ हे सर्वस्वी नवे नाव लादण्यात आले. ‘कौल’ या अर्थाचा ‘तेगोला’ हा शब्द इटालियनमध्ये असूनही त्याचा विचार झाला नाही. ‘पोर्ता’ म्हणजे द्वार. ‘लित्तोरिआ’ हे विशेषण प्राचीन रोममधील दंडधारी सेवकांवरून आले असून त्यांच्या हातातील काठ्यांची मोळी हेच फॅसिस्ट पक्षाचे चिन्ह होते. हे नामांतर भाषिक कमी आणि पक्षीय अधिक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मूळ नाव पुन्हा प्रचारात आले. १९४८ च्या विशेष संविधीने प्रदेशात फ्रेंच व इटालियन या भाषांना समान दर्जा मिळाला.