क्रीटच्या ताटात दडलेला इतिहास

या मालिकेच्या बडोदा, इंदूर, बेळगावकडच्या श्रोत्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: "सर, ग्रीसला निघालोय, शाकाहारी माणसाने तिथे खायचे काय?" लढाया आणि किल्ल्यांवर बोलणाऱ्या माझ्यासारख्या निवृत्त फौजीला हे विचारतात, याची आधी गंमत वाटायची. पण या प्रश्नाचे खरे उत्तर इतिहासातच सापडते. म्हणून आज क्रीट बेटाची गोष्ट.

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर, मधोमध डोंगरांचा कणा. इथल्या क्नोसोसच्या राजवाड्यात पुरुषभर उंचीचे मातीचे रांजण आजही उभे आहेत. तिथे सापडलेल्या पाट्यांवरची 'लिनिअर बी' ही लिपी मायकेल व्हेंट्रिसने १९५२ साली उलगडली, तेव्हा त्यात काव्य निघाले नाही. निघाला कोठारातला हिशेब: धान्य किती, अंजीर किती, ऑलिव्हचे तेल किती. मी नोकरीभर रेशनची रजिस्टरे पाहिली आहेत. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो कारकून मला आमच्याच खात्यातला वाटतो.

पुढे बेटावर व्हेनिसची सत्ता आली. त्यांच्याकडून तुर्कांनी कँडिया, म्हणजे आजचे इराक्लिओ, जिंकले ते २१ वर्षांच्या वेढ्यानंतर, १६६९ साली. त्यानंतर पाचच महिन्यांनी आपल्याकडे तानाजी मालुसरे सिंहगडावर चढले, म्हणजे काळाचा अंदाज येईल. तुर्कांनी द्राक्षाच्या पानात सारण गुंडाळलेला 'दोल्मा' रुजवला. त्यात खिमा नसेल, नुसता भात आणि हिरवा मसाला असेल, तर त्याला 'यालांजी' म्हणतात. तुर्की भाषेत याचा अर्थ खोटारडा! टोमॅटो आणि ढोबळी मिरचीत भात भरून भाजलेल्या 'येमिस्ता'त मांस नसेल, तर ग्रीक लोक त्यांना 'ओर्फाना', म्हणजे पोरके म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत येऊ.

आता मूळ प्रश्न. शाकाहारी या अर्थाचा ग्रीक शब्द आहे 'होर्तोफागोस', शब्दशः पालाखाऊ. पण क्रीटमध्ये तुमचे पोट भरेल ते दुसऱ्या शब्दाने: 'निस्तीसिमो', म्हणजे उपवासाला चालणारे. ऑर्थोडॉक्स चर्चचे सगळे उपवास काटेकोर पाळले तर वर्षातले १८० ते २०० दिवस त्यात जातात. ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास, नाताळआधीचे ४० दिवस, ऑगस्टचा पहिला पंधरवडा, शिवाय बहुतेक बुधवार आणि शुक्रवार. या दिवसांत मांस, मासे, दूध, चीज, अंडी बंद. आजच्या भाषेत ज्याला 'व्हीगन' म्हणतात, त्याच्या जवळ जाणारे जेवण शतकानुशतके तिथल्या घराघरांत वर्षाचे निम्मे दिवस शिजत आले आहे. श्रावण आणि चातुर्मास पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या उपवासांमुळे एक अख्खा स्वयंपाक उभा राहिला. तेलात मुरवून शिजवलेल्या भाज्या म्हणजे 'लादेरा'. पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचे सूप 'फासोलादा', मसुरीचे 'फाकेस', काबुली चण्यांचे 'रेविथिया'. 'फावा' मागवलात तर समोर येते घट्ट वरण, वरून कच्चे ऑलिव्ह तेल आणि कांदा. उत्तरेकडच्या सांतोरिनी बेटावरचा फावा ज्या दाण्याचा होतो, तो विदर्भातल्या लाखोळीचा चुलतभाऊ. आणि 'होर्ता', म्हणजे रानभाज्या. क्रीटमध्ये त्यांतली 'व्लिता' ताटात पाहिली आणि मी पत्नीला म्हटले, "अगं, हा तर माठ!" 'ग्लिस्त्रिदा' म्हणजे आपली घोळ. उकडायचे, तेल आणि लिंबू घालायचे, संपले. फोडणी नाही, याची मनाची तयारी ठेवा.

मात्र या ताटाला फक्त धर्माने आकार दिलेला नाही. त्याला भुकेचीही बाजू आहे. २० मे १९४१ रोजी जर्मन छत्रीधारी सैनिक मालेमे, रेथिम्नो आणि इराक्लिओवर उतरले. गावकरी कोयते, काठ्या, जुन्या बंदुका घेऊन धावले. १ जूनपर्यंत बेट पडले आणि सूड सुरू झाला. २ जूनला कोंदोमारीत गावकऱ्यांना गोळ्या घातल्या, ३ जूनला कांदानोस गाव जमीनदोस्त केले. पुढची वर्षे बेटाने रानभाज्या, गोगलगायी, ऑलिव्ह आणि कॅरोबच्या शेंगांवर काढली. डोंगरातल्या लढवय्यांच्या झोळीत असायचा 'पाक्सिमादी', दोनदा भाजलेला सातूचा कडक पाव. महिनोन्‌महिने टिकतो, पाण्यात बुडवला की खाता येतो. आमच्या फौजेत शक्करपारे हेच काम करतात. आज त्याच पाक्सिमादीवर टोमॅटो आणि चीज घालून 'दाकोस' म्हणून पर्यटकांपुढे ठेवतात.

युद्धानंतर १९४८ साली रॉकफेलर फाउंडेशनने बेटाची पाहणी केली. अहवाल १९५३ मध्ये लेलँड ऑलबॉ यांच्या नावे प्रसिद्ध झाला. लोकांच्या आहारातली केवळ ७ टक्के ऊर्जा मांस, मासे, अंडी, दूध यांतून येत होती. मग अँसेल कीज हा अमेरिकी शास्त्रज्ञ आला, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांचे 'के-रेशन' तयार करणारा. १९५८ साली सुरू झालेल्या त्याच्या सात देशांच्या अभ्यासातल्या १६ गटांपैकी क्रीटच्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत कमी निघाले. जग क्रीटच्या ताटावर भाळले. २०१० मध्ये युनेस्कोने भूमध्य आहाराला वारशाचा दर्जा दिला. त्या पुरुषांतले कितीतरी जण ईस्टरआधीचा उपवास पाळत होते आणि मूळ अभ्यासाने त्याची दखलच घेतली नव्हती, हे क्रीटच्याच संशोधकांनी खूप नंतर दाखवून दिले.

पण ऑलबॉ यांच्या पाहणीत एक गोष्ट आहे, जी पर्यटनाच्या माहितीपत्रकात नसते. आपला आहार पुरेसा आहे असे सहातल्या एकाच कुटुंबाने सांगितले, आणि आवडते अन्न म्हणून बहुसंख्य घरांनी मांसाचे नाव घेतले. आता तो 'खोटारडा' दोल्मा आणि ते 'पोरके' टोमॅटो आठवा. उपवासाचे जेवण श्रद्धेने केले, तरी उरलेल्या दिवशी मांस मिळत नाही ही खंत होतीच. म्हणून आज क्रीटच्या माणसाच्या ताटात मांस भरपूर दिसते, तेव्हा त्याला नावे ठेवू नका. ज्याला आपण आरोग्याचा मंत्र म्हणतो, तो त्याच्या आजीचा नाइलाजही होता.

निघण्यापूर्वी चार सूचना. 'निस्तीसिमो'त ऑक्टोपस, माकूळ, शिंपले आणि गोगलगायीही येतात. चर्चच्या लेखी ते रक्तहीन जीव. तेव्हा प्रत्येक पदार्थ विचारून घ्या. 'होरीस क्रेआस', म्हणजे मांसाशिवाय, म्हटल्यावरही सूपमध्ये मांसाचे पाणी नाही ना, ते पाहा. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या जठरातले रेनेट असते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी सोबत काही बांधून न्यावे. जमले तर ईस्टरआधीच्या उपवासात जा. त्या दिवसांत तुमच्यासाठी वेगळे काही रांधावे लागत नाही. तुम्ही त्यांच्याच पंगतीला बसलेले असता.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.