जीपचे मडगार्ड आणि वऱ्हाडातील घरगुती वाहनदुरुस्ती

वाहतुकीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः रस्ता, कारखाना आणि कायदा या तीन ठिकाणी स्थिरावते. या तिन्हींची कागदपत्रे उपलब्ध असतात. कारखान्यातून बाहेर पडलेले वाहन पुढे वीस-तीस वर्षे कोणाच्या हाताने चालू राहिले, त्याचा मोडलेला भाग कोणी, कोठे आणि कशाने बदलला, याची नोंद मात्र बहुधा कोठेच होत नाही. जेथे मोटार कधी तयार झाली नाही, केवळ वापरली गेली, अशा प्रदेशाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. वाशीम जिल्हा हा अशा प्रदेशांपैकी एक होय. डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात तंत्रविद्येचा इतिहास शोधापासून न लिहिता वापरापासून व देखभालीपासून लिहावा, असे आग्रहाने मांडले. भारताच्या संदर्भात डेव्हिड अर्नोल्ड यांनी सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र यांसारख्या नित्याच्या साधनांचा अशाच दृष्टीने विचार केला आहे. त्या विचाराचा एक लहानसा, परंतु ठोस विषय म्हणून मोटारीच्या मडगार्डाकडे पाहता येते.

वाशीमचे भौगोलिक स्थान येथे लक्षात घेतले पाहिजे. मुंबई-नागपूर हा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला तो अकोल्यावरून. वाशीम त्याच्या दक्षिणेस दूर राहिले. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद मार्गामुळे कारंजास गाडी आली. वाशीमला रेल्वे मिळाली ती खांडवा-हिंगोली मार्ग पूर्ण होत असता, म्हणजे १९६० च्या सुमारास. १९०५ मध्ये ब्रिटिशकालीन बासीम जिल्हा मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात विलीन करण्यात आला आणि तेव्हापासून १९९८ पर्यंत वाशीमकरांना जिल्ह्याच्या कामासाठी अकोला गाठावे लागे. म्हणजेच निम्म्याहून अधिक शतकभर या भागाचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध मुख्यतः चाकावर अवलंबून होता. आणि ते चाक प्रथम बैलगाडीचे होते.

बैलगाडीचा विचार येथे प्रास्ताविक म्हणून नव्हे, तर कारणमीमांसेचा भाग म्हणून करावयाचा आहे. गाडीच्या चाकातील तुंबा, आरे, पुठ्ठे व धाव हे सर्व भाग स्वतंत्र असत आणि ते स्वतंत्रपणे बदलता येत. एक आरा मोडला म्हणून चाक टाकून देण्याची कल्पना कोणास सुचली नसती. उन्हाळ्यात लाकूड आकसून धाव सैल झाली की चाक नाल्याच्या पाण्यात भिजत घालीत. तेवढ्याने न भागल्यास धाव काढून, आखूड करून, गोवऱ्यांच्या आगीत तापवून पुन्हा चढवीत आणि पाणी ओतताच ती लाकडास आवळून बसे. वऱ्हाडात हे काम करणाऱ्या कारागिरास ‘खाती’ असेही म्हणत. लाकूड आणि लोखंड या दोन्हींवर त्याचा हात चाले, आणि काम गिऱ्हाइकाच्या दारी किंवा गावातच होई. वाहन दुरुस्तीसाठी परगावी न्यावयाचे असते ही समजूत मोटारीबरोबर आली. परंतु ती आली तेव्हा गावात तिच्याविरुद्ध जाणारी एक जुनी सवय आधीच रुजलेली होती.

बैलगाडीस मडगार्ड नव्हते, कारण तिला त्याची गरज नव्हती. चिखल उडविण्यास वेग लागतो. टांगा आणि बग्गी या वेगवान वाहनांच्या चाकांवर आच्छादन आले. सायकल व मोटार यांनी ते त्यांच्याकडूनच घेतले. अमेरिकेत त्याला ‘फेंडर’, इंग्लंडात ‘विंग’ म्हणजे पंख असे नाव पडले. मराठीने मात्र ‘मडगार्ड’ हा तिसरा शब्द स्वीकारला आणि तो इतका मुरला की त्याला पर्याय शोधण्याची निकड कोणास वाटली नाही. ज्या प्रदेशात चिखल हीच मोठी अडचण, तेथे चिखलाचे नाव धारण करणारा शब्द टिकावा, हे सयुक्तिकच आहे.

हा चिखल साधा नव्हे. पैनगंगा, अडाण व काटेपूर्णा यांच्या खोऱ्यांतील काळी माती बेसाल्टापासून झालेली असून ओली झाल्यावर फुगते व चिकटते. पावसाळ्यात शेतरस्त्याने सायकल नेल्यास चाक व मडगार्ड यांच्यामध्ये माती ठासून भरते, चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. या कारणाने अनेक शेतकरी सायकलचे मडगार्ड काढूनच ठेवीत. मोटारीत माती चाक अडवीत नाही. ती मडगार्डाच्या आतल्या घडीत, बोल्टांच्या आसपास साचते आणि बाहेरचा रस्ता सुकल्यावरही आत ओलसर राहते. पत्रा आतून गंजत जातो. वरून रंग शाबूत दिसतो आणि एके दिवशी बोटाच्या दाबाने भोक पडते. मडगार्ड खराब होण्याचे कारण म्हणून अपघाताचा विचार प्रथम मनात येतो. काळ्या मातीच्या प्रदेशात गंजाचा वाटाही तितकाच गंभीरपणे घ्यावा लागतो.

या परिस्थितीत जीप या वाहनास जे स्थान मिळाले, ते केवळ तिच्या चारही चाकांच्या जोरामुळे नव्हे. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीज कंपनीच्या जीपगाड्या सुट्या भागांच्या रूपाने आणविल्या आणि पुढे मुंबईत माझगाव येथे त्यांची जुळणी होऊ लागली. १९५२ मध्ये सुरू झालेल्या समूहविकास योजनेमुळे आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्या यांच्यामुळे जीप तालुक्याच्या गावी परिचित झाली. सरकारी सेवेतून निघालेली गाडी लिलावात विकली जाई आणि तेथून तिचे दुसरे, बहुधा अधिक दीर्घ, आयुष्य सुरू होई. या दुसऱ्या आयुष्यात मालकाचा आणि पत्र्याचा संबंध जवळचा झाला.

जीपचे पुढील मडगार्ड हे रचनेच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते समोरची जाळी, चालकासमोरचा आडवा पत्रा आणि सांगाडा यांना बोल्टांनी जोडलेले असते, वितळजोडाने नव्हे. पुढचे मोठे दिवे मडगार्डावर नसून जाळीत बसविलेले असतात, त्यामुळे मडगार्ड काढताना त्यांना हात लावावा लागत नाही. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असूनही तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. या मडगार्डाचा पत्रा मुख्यतः सपाट असून तो जेथे वळतो तेथे प्रायः एकाच दिशेने वळतो. असा आकार कागदाप्रमाणे कापून व दुमडून सिद्ध होतो. याउलट बैठ्या मोटारीचे फुगीर मडगार्ड एकाच जागी दोन दिशांनी वळलेले असते. तेथे पत्रा ताणावा लागतो, आणि त्यासाठी मोठा दाबयंत्राचा साचा किंवा अत्यंत मुरलेला हात आवश्यक असतो. जीपचे मडगार्ड पत्रे दुमडून पेट्या व पन्हाळी करणाऱ्या कारागिराच्या आवाक्यात होते. फुगीर मोटारीचे नव्हते.

घरी मडगार्ड बदलण्याची रीत यावरून समजते. प्रथम बॅटरीची तार सोडवितात, मडगार्डावर लहान दिवा असल्यास त्याच्या तारांवर खूण करून ठेवतात. गंजलेल्या बोल्टांवर रॉकेल किंवा डिझेल सोडून रात्रभर मुरू देतात. तरीही न सुटणारी चाकी छिन्नीने तोडतात. निघालेले जुने मडगार्ड फेकून देत नाहीत, कारण नव्याची भोके त्यावरूनच आखावयाची असतात. नवा पत्रा बसविताना कोणताही एक बोल्ट आधी पक्का करावयाचा नाही. सर्व सैल ठेवून, बॉनेट लावून, फट दोन्ही बाजूंस सारखी आली म्हणजे मग पाळीपाळीने आवळावयाचे. चाकाची धाव चढविताना खाती सर्व बाजूंनी सारखे ठोके देत जातो, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. बाहेरून रेड ऑक्साईड व रंग, आतून डांबर. रंग मिळविण्याचे काम मात्र अंगणात सहसा साधत नसे. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत निघालेल्या ड्यूको या झटपट वाळणाऱ्या रंगाने मोटारीच्या रंगकामास आपले नाव दिले, आणि जुन्या उडालेल्या छटेशी नवी छटा जुळविणे हा स्वतंत्र धंदा बनला. खेड्यातील जीपवर एक मडगार्ड वेगळ्या रंगाचे दिसते, त्याचे कारण हेच.

सुटे भाग विकत घेण्याऐवजी घडविण्याकडे कल का होता, याचे उत्तर केवळ दारिद्र्यात शोधणे अपुरे ठरेल. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणी सुरू केली होती. फोर्डच्या गाड्याही मुंबईत जुळविल्या जात. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर देशात क्रमाक्रमाने उत्पादन करण्याची योजना नसलेल्या कंपन्यांना वाव उरला नाही आणि या दोघींनी आपले काम आवरते घेतले. रस्त्यावर धावणाऱ्या शेव्हरलेट व फोर्ड मात्र तशाच राहिल्या. त्यांचे भाग आता आयातीच्या परवान्यांत अडकले. पैसे असूनही वस्तू मिळत नाही, अशा बाजारात कारागिराचा हात हाच पुरवठा ठरतो.

जुनी वाहने घरी दुरुस्त होत, नवी होत नाहीत, असे सरसकट विधान अलीकडे ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. एकसंध शरीराच्या आजच्या अनेक मोटारींतही पुढचे मडगार्ड बोल्टांनीच बसविलेले असते. वितळजोड असतो तो मागच्या बाजूस. फरक पडला तो बोल्टात नव्हे, तर त्याच्या शेजाऱ्यांत. आता मडगार्ड काढण्यापूर्वी प्लॅस्टिकचा बंपर, आतले आच्छादन आणि मोठा दिवा बाजूस करावा लागतो, आणि पातळ झालेला पत्रा ठोकून सरळ करण्यापेक्षा नवा घेणेच परवडते. शिवाय, जुन्या फुगीर मोटारी घरी दुरुस्त करणे तेव्हाही सोपे नव्हते. तेव्हा खरा भेद जुन्या-नव्याचा नसून पत्र्याच्या घडणीचा आहे. ट्रॅक्टर हे याचे उत्तम उदाहरण होय. त्याचे मागचे मडगार्ड आजही रुंद, सुटे आणि बोल्टांचे आहे. मात्र वऱ्हाडात ते चिखल अडविण्याइतकेच माणसे बसविण्याच्या कामी येते, आणि चिखलाऐवजी त्या भारानेच अनेकदा वाकते.

या इतिहासाची साधने अतिशय नाजूक आहेत. चांगल्या दुरुस्तीचे लक्षणच असे की तिची खूण राहत नाही. दारात केलेल्या कामाची पावती सहसा होत नाही. वाशीमच्या ताम्रपटाने वाकाटक विंध्यशक्तीचे नाव राखले, पण तो पत्रा ठोकून सपाट करणाऱ्याचे नाव त्यावर नाही. अभ्यासकाला उरते ते वाहन स्वतः : मडगार्डाच्या आतील डांबराचे थर, हाताने पाडलेली किंचित वाकडी भोके, एकाच गाडीवरील दोन मापांचे बोल्ट, आणि वाशीमच्या एमएच-३७ या क्रमांकापूर्वीची अकोल्याची एमएच-३० ही पाटी. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्यात येऊन ती मोडीत काढण्याचा नियम झाला. लिलावातून गावाकडे येणाऱ्या जीपगाड्यांचा जुना प्रवाह तेथे तुटला; जिल्ह्यातील गोठ्यांत आणि वाड्यांच्या मागे ज्या उभ्या आहेत, त्यांच्या मडगार्डांची पाहणी त्या भंगारात जाण्यापूर्वीच करावी लागेल.