बर्फावरील हॉकींतील अधिकारविचार

भारतांत हॉकी म्हटली कीं ध्यानचंदांची मैदानावरील हॉकी डोळ्यांपुढें येते. प्रस्तुत लेखाचा विषय ती नसून कॅनडा व अमेरिका या देशांत बर्फावर खेळली जाणारी हॉकी हा आहे. त्यांतही खेळाचें वर्णन करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या खेळांतील उमेदवार मुलांनीं कोठें खेळावें, कोणत्या वयांत खेळावें व कशाच्या बदल्यांत खेळावें, याविषयीं जे नियम गेल्या साठ-पासष्ट वर्षांत झाले, मोडले व पुन्हा झाले, त्यांचा हा संक्षिप्त इतिहास आहे. इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत खेळाला जागा कशाला, अशी शंका कोणी घेईल. तिला उत्तर इतकेंच कीं, वतनाचा हक्क कोणास पोंचतो या प्रश्नावर आपल्याकडे जसे महजर व निवाडे झाले, तसे या प्रश्नावर तिकडेही निवाडे झाले आहेत. आणि नियमाच्या शब्दांत जें दिसत नाहीं तें निवाड्यांत दिसतें, हा अनुभव दोहोंकडे सारखाच आहे.

मीमांसकांनीं कर्माचा अधिकारी कोण हें ठरवितांना मुख्यतः तीन गोष्टी पाहिल्या: अर्थित्व, म्हणजे फळाची इच्छा, सामर्थ्य, म्हणजे तें कर्म करण्याची शक्ति, आणि अपर्युदस्तत्व, म्हणजे शास्त्रानें वगळलेलें नसणें. पंधरा-सोळा वर्षांच्या हुशार हॉकीपटूला पहिल्या दोहोंची वाण नसते. त्याचें भवितव्य तिसऱ्या गोष्टीवर ठरतें, आणि ती त्याच्या हातीं नसते. ज्या नियमांनीं या मुलांना वगळलें त्यांच्या घडणींत व मोडणींत संघांचे, संघटनांचे व न्यायालयांचे हेतु दिसतात, मुलांचें हित क्वचितच दिसतें. आणि नियम सुटला कीं त्याचें फळ पुढच्या मुलांना मिळतें, मागच्यांनीं जें गमावलें तें त्यांना परत मिळत नाहीं, असा आमचा सिद्धान्त आहे.

प्रथम वयाच्या नियमांकडे पाहूं. १९६३ पूर्वीं नॅशनल हॉकी लीग या धंदेवाईक संघटनेंत सहा संघ होते. हे संघ कॅनडांतील ज्युनिअर, म्हणजे साधारणतः विशीपर्यंतच्या मुलांच्या, संघांना पैसा पुरवीत आणि त्या मोबदल्यांत तेथील मुलांवर आपला हक्क सांगत. या हक्काचा दस्तऐवज म्हणजे ‘सी फॉर्म’. त्यावर मुलाची, व तो अल्पवयीन असल्यास आईबापांची, सही झाली कीं पुढें धंदेवाईक खेळाडू व्हावयाचें तें त्याच संघाकडे, असा तो करार असे. ऑन्टॅरिओ प्रांतांतील पॅरी साउंड या गांवचा बॉबी ऑर १९६२ सालीं, चौदा वर्षांचा असतांना, या फॉर्मानें बोस्टन ब्रुइन्स या संघाशीं बांधला गेला. पुढें तो त्या खेळांतील सर्वश्रेष्ठांपैकीं एक गणला गेला, म्हणून त्याच्या सहीची हकीकत आपणांस ठाऊक आहे. तोच फॉर्म भरून पुढें कोठेंही न पोंचलेल्या मुलांची वार्ता कोणी विचारीत नाहीं.

५ जून १९६३ रोजीं मॉन्ट्रियल येथें प्रथमच खेळाडूंची निवड संघांनीं पाळीपाळीनें करण्याची पद्धति सुरू झाली. कोणत्याही संघाशीं बांधले न गेलेले सतरा वर्षांचे मुलगे तींत घेतले गेले. १९६७ सालीं संघ सहाचे बारा झाले, संघांनीं ज्युनिअर संघ पोसण्याची चाल मोडली आणि निवडीचें वय वीस झालें. ही मर्यादा फार काळ टिकली नाहीं. १९७२ सालीं वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी संघटना उभी राहिली. १९७३ सालीं ह्यूस्टनच्या संघानें प्रख्यात खेळाडू गॉर्डी हाउ याचे दोघे मुलगे, मार्क व मार्टी, वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच करारबद्ध केले. पुढें त्या संघटनेनेंही विशीचा नियम धरला. परंतु १९७७ सालीं केन लिन्समन या एकोणीस वर्षांच्या खेळाडूनें कनेटिकटमधील संघीय न्यायालयांत दाद मागितली आणि न्यायालयानें नियमाविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम दिला. १९७८ सालीं वेन ग्रेट्स्की सतराव्या वर्षीं इंडियानापोलिसच्या संघांत गेला. १९७९ सालीं प्रतिस्पर्धी संघटना मोडून तिचे चार संघ मोठ्या संघटनेंत आले. त्याच वर्षीं निवडीच्या नांवांतील ‘हौशी’ हा शब्द गळाला आणि वय एकोणिसावर आलें. १९८० सालीं तें अठरा झालें. सतरा, वीस, एकोणीस, अठरा हे आंकडे मुलांच्या शरीराच्या वा बुद्धीच्या परिपक्वतेवरून निघाले असते तर दोन दशकांत इतके हलले नसते. संघांची गरज व प्रतिस्पर्ध्याची भीति यांचे ते आंकडे आहेत.

आतां दुसऱ्या, अधिक कठीण नियमाकडे वळूं. हॉकीचा एक मार्ग ज्युनिअर संघांतून जातो, तसा दुसरा अमेरिकेंतील विद्यापीठांतून जातो. विद्यापीठांची क्रीडासंघटना, जिला तिच्या आद्याक्षरांवरून एनसीएए म्हणतात, ती १९०६ पासूनची. तिची हॉकीची पहिली अजिंक्यपदस्पर्धा १९४८ सालीं कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें झाली व ती मिशिगन विद्यापीठानें जिंकली. विद्यापीठांच्या संघांत कॅनडाचे मुलगे पूर्वीपासून असत. अडचण अशी कीं, अमेरिकेंत शाळेचा खेळ शाळेंतच चालतो. कॅनडांत हॉकी शाळेबाहेर, संघांच्या आश्रयानें वाढली. सोळा वर्षांचा मुलगा घर सोडून दूरच्या गांवच्या संघांत जातो, तेथील एखाद्या कुटुंबांत राहतो-जेवतो, तेथल्याच शाळेंत शिकतो आणि किरकोळ हातखर्च घेतो. आपल्याकडील वार लावून जेवणारा विद्यार्थी ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही व्यवस्था समजावून सांगावयास नको. विद्यापीठांच्या नियमानें मात्र हें राहणें-जेवणें म्हणजे वेतन ठरविलें, व तें घेणारा तो धंदेवाईक.

या नियमाची पारख १९७३ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयांत झाली. बोस्टन विद्यापीठांतील बक्टन व मार्झो या दोन कॅनेडियन विद्यार्थ्यांना ज्युनिअर संघांकडून मिळालेल्या अशाच साहाय्यामुळें अपात्र ठरविलें होतें. न्यायालयानें विचारिलें तें असें: अमेरिकन मुलाला त्याची शाळा खोली, जेवण व फी देते तेव्हां तो हौशीच राहतो, तेंच कॅनडाच्या मुलाला संघानें दिलें तर तो धंदेवाईक कसा? परकीय विद्यार्थ्यांवर या भेदाचा भार पडतो असें पाहून न्यायालयानें त्यांच्या बाजूनें तात्पुरता हुकूम दिला. पण त्याच न्यायालयापुढें १९७५ सालीं नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचा जोन्स हा अमेरिकन विद्यार्थी आला. तोही ज्युनिअर संघांत पैसे घेऊन खेळलेला होता. त्याला हुकूम मिळाला नाहीं. दोन्ही निवाडे शेजारीं ठेवून वाचावे. जन्मस्थानाप्रमाणें पारडें फिरलें, आणि हौशी म्हणजे कोण हा मूळ प्रश्न दोहोंतही अनिर्णीतच राहिला.

१९७५ सालींच कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनिअर लीगा एका छत्राखालीं आल्या. त्या समूहाला पुढें कॅनेडियन हॉकी लीग हें नांव पडलें. त्यांतील कांहीं खेळाडूंनीं धंदेवाईक संघांशीं करार केलेले असत, या कारणानें विद्यापीठांनीं हा सारा समूहच धंदेवाईक मानला. त्यामुळें पंधरा-सोळा वर्षांच्या मुलापुढें दोन दारें आलीं, आणि पहिल्यांत पाऊल टाकलें कीं दुसरें बंद. दुसरें दार उघडें ठेवावयाचें तर खालच्या दर्जाच्या लीगांत वा शाळेंत राहून वाट पाहावयाची. पॉल कारिया ब्रिटिश कोलंबियांतील पेंटिक्टनहून मेन विद्यापीठांत गेला व १९९३ सालीं त्याच्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. केल मकार आल्बर्टांतील ब्रुक्सहून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत गेला. या दोघांची वाट सफल झाली. उलट बाजूस, ज्युनिअर संघांकडून एका हंगामामागें एका वर्षाच्या फीची सोय करण्याची पद्धति रूढ झाली, ही त्यांच्या पदरांतली चांगली गोष्ट होय. पण विसाव्या वर्षीं धंदेवाईक संघानें न उचललेल्या मुलाला ती फी मिळाली तरी अमेरिकन विद्यापीठाच्या बर्फावर पाय ठेवतां येत नव्हता. २००५ सालीं ऑन्टॅरिओच्या लीगनें असामान्य खेळाडूस पंधराव्या वर्षीं प्रवेश देण्याचा अपवाद काढला आणि जॉन टव्हारेस त्यांतून पहिला आला. अपवाद त्याला मानाचा झाला. त्याबरोबर जन्माचा निर्णय घेण्याचें वय मात्र आणखी एका वर्षानें खालीं आलें.

हा कोट पडला तो बाहेरच्या धक्क्यानें. जून २०२१ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ऑल्स्टन खटल्यांत एकमतानें विद्यापीठसंघटनेविरुद्ध निकाल दिला. जुलैपासून विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नांवाचे व प्रतिमेचे पैसे घेण्याची मोकळीक मिळाली. मग स्थिति अशी झाली कीं, विद्यापीठांतील खेळाडू जाहिरातींतून हवे तितके मिळवी आणि हौशी राही; हातखर्च घेऊन ज्युनिअर संघांत खेळलेला मात्र धंदेवाईक. ऑगस्ट २०२४ मध्यें एका कॅनेडियन मुलानें न्यूयॉर्क राज्यांतील संघीय न्यायालयांत दावा लावला. सोळाव्या वर्षीं ज्युनिअर संघाकडून तो दोन सरावसामने खेळला होता. तेवढ्यावरून वरिष्ठ विद्यापीठहॉकी त्याला बंद झाली होती. ७ नोव्हेंबर २०२४ रोजीं संघटनेनें नियम बदलला: प्रत्यक्ष व आवश्यक खर्चापेक्षां अधिक घेतलें नसेल तर ज्युनिअर खेळाडू पात्र, अंमल १ ऑगस्ट २०२५ पासून. राहणें-जेवणें म्हणजे वेतन नव्हे, हें मान्य होण्यास १९७३ च्या हुकुमानंतर एक्कावन्न वर्षें लागलीं.

फळ तत्काळ दिसलें. युकॉनमधील व्हाइटहॉर्सचा गॅव्हिन मकेना मेडिसिन हॅटच्या संघांतून, २०२५ चा सर्वोत्तम ज्युनिअर खेळाडू ठरून, त्याच वर्षीं पेन स्टेट विद्यापीठांत गेला. चार वर्षांपूर्वीं त्याला या दोहोंपैकीं एकच मिळतें. परंतु दार उघडतांना खोली मोठी झालेली नाहीं. जून २०२५ मध्यें मंजूर झालेल्या समझोत्यांत सामील विद्यापीठांच्या हॉकीसंघास २६ खेळाडूंची मर्यादा पडली. त्या जागांसाठीं आतां अठरा वर्षांचा अमेरिकन मुलगा व एकोणीस-वीस वर्षांचा मुरलेला ज्युनिअर खेळाडू एकाच रांगेंत उभे आहेत; आणि पात्रता राखण्यासाठीं ज्यानें खालच्या लीगांत वर्षें घालविलीं, त्याच्या त्यागाला आतां कांहींच किंमत उरली नाहीं.

आम्ही शाळेंत असतांना आंतरशालेय सामन्यांच्या नोंदणीचें काम आमच्याकडे असे. एका वर्षीं वयाची तारीख बदलल्याचें पत्रक सामन्यांच्या आठ दिवस आधीं आलें, आणि वर्षभर पहांटे मैदानावर येणाऱ्या एका मुलास आम्हांला नाहीं म्हणावें लागलें. बदलास कारण असेलही. तें आम्हांला त्याला सांगतां आलें नाहीं. तेव्हांपासून पात्रतेचा कोणताही नियम वाचतांना आम्ही दोन प्रश्न विचारतों. त्याचें प्रयोजन त्यांत लिहिलें आहे काय? आणि अजाणतेपणीं तो मोडणाऱ्यास परत येण्याची वाट आहे काय? आपल्या धर्मशास्त्रानें मोठ्या पातकांनाही प्रायश्चित्त सांगितलें. दोन सरावसामन्यांना तें नसावें, ही गोष्ट नियमकर्त्यांना पन्नास वर्षें खटकली नाहीं.

शेवटीं एक सूचना. या विषयाचीं अव्वल साधनें म्हणजे ज्युनिअर संघांचे जुने करारनामे, सी फॉर्म व मुलांना ठेवून घेणाऱ्या कुटुंबांचीं पत्रें. नामवंतांचीं चरित्रें लिहिलीं गेलीं आहेत. वगळलेल्यांचीं नांवें मात्र या कागदांवांचून अन्यत्र मिळणार नाहींत. ते कागद आहेत तोंवर ज्यांच्या हातीं असतील त्यांनीं जपून ठेवावे.