ब्रेक बदलले, पण मीटरवरचा दिवा विझेना
जुन्या मोटारसायकलींतील एबीएसची सूचना : कारणे, उपाय आणि कायदा

अमरावती/अकोला, प्रतिनिधी : मोटारसायकलची चावी फिरवताच मीटरवर एबीएस अशी तीन इंग्रजी अक्षरे असलेला पिवळा दिवा पेटतो आणि गाडी चार पावले चालली की विझतो. हा नेहमीचा क्रम आहे. ब्रेकमध्ये काही फेरबदल केल्यानंतर मात्र हा दिवा अनेकदा पेटलेलाच राहतो. गाडी पूर्वीसारखीच थांबते, लिव्हरही व्यवस्थित लागतो, मग दिवा कशाला हवा, असा प्रश्न मालकाला पडतो आणि दिवा काढून टाकण्याची मागणी गॅरेजवाल्याकडे केली जाते. काम पाच-दहा मिनिटांचे असते. त्याचे परिणाम किती दूरवर जातात, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

एबीएस म्हणजे अँटिलॉक ब्रेकिंग सिस्टीम. मोटारसायकलवर ही यंत्रणा प्रथम बीएमडब्ल्यू कंपनीने १९८८ मध्ये के १०० या मालिकेत दिली. भारतीय बनावटीच्या गाड्यांत ती यायला २०११ उजाडले. त्या वर्षी टीव्हीएसच्या अपाचे आरटीआर १८० मध्ये ती मिळू लागली. पुढे केंद्र सरकारने १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचे केले. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून विक्रीत असलेल्या सर्व मॉडेलना हा नियम लागू झाला. लहान गाड्यांना एबीएस किंवा दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सीबीएस यंत्रणा, असा पर्याय ठेवण्यात आला. जून २०२५ मध्ये मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात तर सर्वच दुचाकींना एबीएस देण्याचा प्रस्ताव होता.

त्यामुळे आज सेकंडहँड बाजारात येणाऱ्या दीडशे-दोनशे सीसीच्या गाड्यांचे दोन प्रकार पडतात. २०१९ पूर्वीच्या गाड्यांत एबीएस असेल किंवा नसेलही. २०१९ नंतरच्या गाड्यांत ते असलेच पाहिजे. दिव्याचा प्रश्न या दोन प्रकारांत वेगवेगळ्या रीतीने सोडवावा लागतो.

दिवा नेमके काय सांगतो?

चाकाच्या मध्याशी, डिस्कच्या आतल्या बाजूस, खाचा पाडलेली एक पातळ चकती असते. तिला टोन रिंग म्हणतात. तिच्यासमोर जेमतेम एक मिलिमीटरच्या अंतरावर सेन्सर बसवलेला असतो. चाक फिरते तशी प्रत्येक खाच सेन्सरसमोरून जाते आणि विजेचा एक ठोका तयार होतो. उदाहरणादाखल चकतीला ४८ खाचा आहेत आणि टायर १०० बाय ८० – १७ या मापाचा आहे असे धरले, तर चाकाचा परीघ सुमारे १.८६ मीटर येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला ते चाक सेकंदाला जवळपास नऊ फेऱ्या घेते आणि सेन्सरकडून सेकंदाला सुमारे ४३० ठोके नियंत्रकाकडे जातात. ब्रेक दाबल्यावर ही संख्या एकाएकी कोसळली, तर चाक जाम होत असल्याचे नियंत्रक ओळखतो, झडप उघडून कॅलिपरमधील दाब क्षणभर सोडतो आणि पुन्हा वाढवतो. ही क्रिया सेकंदाला अनेकदा होते.

चावी फिरवल्यावर नियंत्रक स्वतःचीच तपासणी करतो. तारा जोडलेल्या आहेत का, झडपा शाबूत आहेत का, बॅटरीचा दाब पुरेसा आहे का, हे उभ्या गाडीवर कळते. सेन्सरचे ठोके नीट येतात का, हे मात्र चाक फिरल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच दिवा गाडी चालू लागल्यावर विझतो. तो विझला नाही, तर नियंत्रकाने एबीएस बंद केले, एवढाच त्याचा अर्थ. साधे ब्रेक चालूच असतात. ‘गाडी थांबते, मग दिवा कशाला’ हा गैरसमज इथेच जन्मतो. कोरड्या रस्त्यावर हलक्या हाताने ब्रेक लावला तर फरक जाणवतच नाही. तो जाणवतो तो ओल्या रस्त्यावर घाबरून लिव्हर आवळल्यावर, आणि तोपर्यंत पुढचे चाक घसरलेले असते.

फेरबदलानंतर दिवा का पेटतो?

सर्वांत सामान्य कारण टोन रिंगचे आहे. मागचा ड्रम काढून डिस्क बसवताना दुसऱ्या मॉडेलचे चाक वापरले जाते आणि त्या चाकाला रिंगच नसते किंवा तिच्या खाचांची संख्या निराळी असते. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकावर काम करते, म्हणून मागच्या चाकाला काही केले तरी चालेल असे मानले जाते. हे पूर्ण खरे नाही. ज्या मॉडेलमध्ये वेगाच्या तुलनेसाठी मागेही सेन्सर असतो, तिथे मागची रिंग गेली की पुढचे एबीएसही बंद पडते.

दुसरे कारण टायरचे. पुढच्या-मागच्या चाकांच्या परिघांचे ठरलेले प्रमाण नियंत्रकाला ठाऊक असते. जाड टायर किंवा वेगळ्या मापाची रिम टाकली आणि हे प्रमाण मर्यादेपलीकडे बिघडले, की सरळ चालतानाही दोन चाकांचे वेग जुळत नाहीत आणि नियंत्रक त्याला बिघाड समजतो. याशिवाय वाकलेली रिंग, सेन्सरचे सैल झालेले ब्रॅकेट, हँडल वळवताना ताणून तुटलेली वायर, उडालेला फ्यूज, थकलेली बॅटरी ही कारणे आहेतच.

वऱ्हाडात यात काळ्या मातीची भर पडते. पेरणीच्या दिवसांत शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर चिखल आणतात. ही माती चिकट. वाळली की दगडासारखी कठीण. टोन रिंगच्या खाचांत ती भरली, की सेन्सरला खाच दिसतच नाही. ब्रेकच्या कामाच्या आसपास नेमका पाऊस झाला, तर दोष नव्या डिस्कवर ढकलला जातो. पाण्याने धुऊन आणि मऊ ब्रशने रिंग साफ करून पाहणे हा बिनपैशाचा उपाय आधी करावा. लोखंडी ब्रश किंवा स्क्रू-ड्रायव्हर मात्र वापरू नये.

दोष दूर झाला तरी काही गाड्यांत त्याची नोंद नियंत्रकाच्या स्मृतीत राहते. ती कंपनीच्या सेवा केंद्रातील स्कॅनरने वाचता येते व पुसता येते. केवळ नोंद पुसून मूळ दोष तसाच ठेवला, तर गाडी काही मीटर चालताच दिवा परत येतो. एबीएसच्या पंपात हवा अडकली असेल, तर अनेक मॉडेलमध्ये तीही स्कॅनरने झडपा उघडल्याशिवाय निघत नाही. लिव्हर स्पंजसारखा मऊ लागत असेल, तर हे कारण तपासून घ्यावे.

डिस्क बसवताना होणाऱ्या चुका

एबीएस नसलेल्या, त्याहून जुन्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली यामाहा आरएक्स १०० किंवा जुन्या स्प्लेंडर यांना पुढे डिस्क बसवण्याची हौस आजही टिकून आहे. या गाड्यांच्या मीटरवर ब्रेकचा दिवा नसतोच, पण हिशेब चुकला तर ब्रेक बिघडतोच.

मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर यांच्या पिस्टनची मापे एकमेकांना जुळावी लागतात. कॅलिपरमध्ये २७ मिलिमीटरचे दोन पिस्टन असतील आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन १२.७ मिलिमीटरचा असेल, तर बळ सुमारे नऊ पट होते. तिथेच १४ मिलिमीटरचा मास्टर सिलिंडर लावला, तर ते साडेसात पटींच्या आत येते. लिव्हर दगडासारखा कडक लागतो आणि मालक ‘ब्रेक टाइट झाला’ म्हणून खूष होतो; वास्तविक त्याच थांबण्यासाठी आता हाताला अधिक जोर लावावा लागणार असतो.

ब्रेक ऑईलकडे होणारे दुर्लक्ष याहून गंभीर आहे. डॉट ३ आणि डॉट ४ प्रतीची तेले हवेतील ओलावा शोषून घेतात. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. मेळघाटात परतवाड्याकडून चिखलदऱ्याला जाणारा रस्ता सुमारे ११०० मीटर उंचीवर पोहोचतो. उतरताना गिअर न्यूट्रल करून केवळ ब्रेकवर गाडी सोडली, तर तेल उकळते, नळीत वाफ होते आणि लिव्हर हँडलपर्यंत येऊनही गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी तेल बदलणे आणि घाटात खालच्या गिअरमध्ये उतरणे, एवढ्याने हा धोका टळतो. सिलिकॉनचे डॉट ५ तेल एबीएसच्या गाडीत घालू नये, डॉट ५.१ हे नाव सारखे दिसले तरी ते वेगळे तेल आहे.

आणखी एक दिवा आहे आणि तो चालवणाऱ्याला दिसत नाही. मागचा ड्रम ब्रेक पायाच्या पेडलला जोडलेल्या स्प्रिंगच्या स्विचवर मागचा लाल दिवा पेटवतो. डिस्क बसवताना पेडल बदलते, स्प्रिंग निघते आणि स्विच तसाच लोंबकळत राहतो. त्याऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा स्विच बसवावा लागतो. तो विसरला, तर गाडी थांबत असल्याचे मागच्याला कळतच नाही. लोणी ते माना या भागात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकल्याबद्दल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची गिनेस बुकात नोंद झाली. अमरावती-अकोला मार्ग त्यानंतर गुळगुळीत झाला, वाहनांचे वेगही वाढले. ताशी ८० किलोमीटर वेगाने मागून येणारा ट्रक एका सेकंदात २२ मीटर पुढे येतो. मीटरवरच्या पिवळ्या दिव्याची चिंता करणाऱ्यांनी एकदा गाडीमागे जाऊन हा लाल दिवाही पाहावा.

दिवा बंद करण्याचे मार्ग

युरोप-अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे. बीएमडब्ल्यूने २००१ च्या सुमारास विजेच्या पंपाची मदत असलेले एबीएस आपल्या मोठ्या गाड्यांना दिले. वॉरंटी संपल्यावर हे युनिट बिघडले, की नव्याची किंमत जुन्या गाडीला परवडत नसे. अनेक मालकांनी युनिट काढून मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत थेट नळ्या टाकल्या. ब्रेक लागू लागले, पण मीटर लुकलुकत राहिले.

आपल्याकडे सर्रास होणारे उपाय तीन : दिव्यावर काळी टेप लावणे, मीटर उघडून दिवा काढणे, किंवा त्याची तार दुसऱ्या एखाद्या दिव्याला जोडणे, म्हणजे चावी फिरवल्यावर तो पेटतो, विझतो आणि सारे ठीक असल्याचा भास होतो. यातला तिसरा सर्वांत वाईट, कारण तो पुढच्या मालकाला फसवतो.

२०१९ पूर्वीच्या ज्या मॉडेलची बिनएबीएसची आवृत्तीही कंपनीने विकली होती, तिथे सरळ मार्ग उपलब्ध आहे. त्या आवृत्तीच्या मूळ नळ्या, मास्टर सिलिंडर, वायरिंग आणि मीटर बसवले, की दिवाच उरत नाही आणि गाडी कंपनीनेच तपासून विकलेल्या रूपात येते. मीटर बदलताना जुन्या मीटरवरील किलोमीटरची नोंद बिलावर करून घ्यावी. २०१९ नंतरच्या गाडीला हा मार्ग नाही. तिचे एबीएस दुरुस्तच करावे लागते. रॉयल एनफिल्ड हिमालयनसारख्या काही गाड्यांत कच्च्या रस्त्यासाठी मागचे एबीएस बटणाने बंद करण्याची सोय दिली गेली; तिथेही ते बंद असल्याची सूचना मीटरवर दिसते आणि चावी पुन्हा फिरवली की यंत्रणा आपोआप सुरू होते.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कठोर अर्थ लावला. ब्रेकचा प्रकार प्रमाणपत्रावर छापलेला नसतो, म्हणून हा बदल मोकळा, असा युक्तिवाद केला जातो. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेले सुटे भाग बसवून केलेल्या बदलालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना एमएच-२७ ची गाडी अमरावतीच्या प्रादेशिक आणि एमएच-३० ची गाडी अकोल्याच्या परिवहन कार्यालयात तपासणीला न्यावी लागते. बदल करण्यापूर्वी तिथे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. न कळवलेल्या बदलावरून स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईचा दावा अडू शकतो.

सेकंडहँड गाडी घेताना

इंजिन सुरू न करता चावी फिरवावी. एबीएसचा दिवा पेटलाच नाही, तर तो काढलेला किंवा झाकलेला असण्याची शक्यता मोठी. पेटला आणि गाडी उभी असतानाच विझला, किंवा इंजिन सुरू होताच अन्य एखाद्या दिव्याबरोबर विझला, तर तार कुठेतरी दुसरीकडे जोडली असावी असा संशय घ्यावा. कारण बहुतेक गाड्यांत चाक फिरल्याशिवाय तो विझत नाही. मग दोन्ही चाकांवरच्या रिंग, सेन्सर आणि त्यांच्या तारा पाहाव्यात. नंबर २०१९ नंतरचा आणि पुढच्या चाकाला रिंगच नाही, असे आढळल्यास एबीएस पूर्ववत करण्याचा खर्च सेवा केंद्राकडून लेखी घ्यावा आणि त्यानंतरच किमतीची बोलणी करावीत.