तांबीची भीती कुठून आली?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चिखलीच्या कामगार वस्त्यांत पहिलं मूल झालं, की आशाताई पाळणा लांबवायला सुचवतात आणि घरातली वडीलधारी बाई म्हणते, "तांबी नको गं, पिशवी खराब होते. पुढं दिवसच जायचे नाहीत." हे बोलणं निव्वळ अडाणीपणाचं म्हणून सोडून देता येणार नाही. या भीतीला इतिहास आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र सुरू झालं. गणिताच्या या प्राध्यापकाला या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून चालवलं. वाचकांनी चारचौघांत न विचारता येणारे प्रश्न पाठवावेत आणि कर्व्यांनी त्यांना सरळ उत्तरं द्यावीत, अशी त्याची रीत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरीही कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

पुढे सरकारच या कामात उतरलं. १९५२ मध्ये देशाचा कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ मध्ये 'लूप' आला. बसवण्याची शिबिरं झाली, उद्दिष्टाचे आकडे वरून आले. पण नंतर अंगावरून जास्त जाऊ लागलं, ओटीपोटात दुखू लागलं, तर बाईनं कुणाकडे जायचं याची सोय अपुरी होती. अनेकींनी लूप काढून टाकला. त्यांचं दुखणं खरं होतं. त्याचा खुलासा कुणी केला नाही आणि ती जागा अफवांनी घेतली. अमेरिकेतही 'डाल्कन शील्ड' नावाच्या साधनामुळे गरोदर बायकांना जंतुसंसर्ग होऊन काहींचे जीव गेले आणि १९७४ मध्ये तिथली त्याची विक्री थांबली. आणीबाणीत, १९७६ साली, तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं त्याचा कायदा झाला नाही, पण धास्ती घराघरांत राहिली.

मग वैद्यकशास्त्र आज काय सांगतं? गोळ्या, निरोध किंवा तांबी यांनी पुढचं गर्भारपण बिघडत नाही. तांबी काढल्यावर किंवा गोळ्या थांबवल्यावर लवकरच दिवस राहू शकतात. इंजेक्शनानंतर मात्र काही महिने उशीर लागतो, तो कायमचा नसतो. तांबी आत असतानाच दिवस गेले, तर गर्भपाताचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो, म्हणून लगेच दवाखाना गाठायला हवा. उलट, बाळंतपणानंतर लगेच पुन्हा दिवस गेले तर बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका असतो. एका बाळंतपणानंतर किमान दोन वर्षं तरी पुन्हा दिवस राहू देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ही माहिती तांबी बसवण्याआधीच त्या सुनेला आणि तिच्या सासूला, दोघींनाही मिळायला हवी. त्रासही सांगावा, उपायही सांगावा, नको म्हणण्याची मुभाही द्यावी. कर्व्यांनी प्रश्न विचारणाऱ्याला कधी अडाणी ठरवलं नाही. शिबिरांच्या घाईत नेमकी तीच गोष्ट राहून गेली.